मॉडेलिका : चलांची घोषणा आणि एककांचे अनुमान

मॉडेलिका ही यंत्रे, विद्युतमंडले, उष्णतेची व द्रवांची देवाणघेवाण अशा भौतिक व्यवस्थांची मॉडेल लिहिण्याची संगणकीय भाषा आहे. स्वीडनचे हिल्डिंग एल्मक्विस्ट यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये तिच्या आखणीला सुरुवात झाली आणि सप्टेंबर १९९७ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात आज्ञांऐवजी समीकरणे लिहितात. त्यामुळे चल कसा घोषित करायचा आणि त्याचे एकक कोण ठरवणार, लिहिणारा की संगणक, हा प्रश्न तिथे इतर भाषांपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो.

मॉडेलिकाची घोषणा देवनागरीत उतरवली तर साधारण अशी दिसते : पॅरामीटर रिअल एम(युनिट="केजी") = २ "ठोकळ्याचे वस्तुमान". पहिला शब्द चल किती बदलू शकतो ते सांगतो. ‘कॉन्स्टंट’ कायम स्थिर असतो, ‘पॅरामीटर’ एका सिम्युलेशनपुरता स्थिर असतो, आणि यातले काहीच लिहिले नाही तर किंमत काळानुसार बदलते. मग प्रकार (इथे ‘रिअल’, म्हणजे दशांश संख्या), नाव, कंसात गुणधर्म, बरोबरच्या चिन्हापुढे किंमत आणि शेवटी वाचणाऱ्यासाठी वर्णन. कंसातल्या गुणधर्मांत एककाखेरीज राशीचे नाव, दाखवण्यापुरते वेगळे एकक, किमान व कमाल मर्यादा, सुरुवातीची किंमत अशाही गोष्टी बसतात. कोन रेडियनमध्ये साठवून पडद्यावर अंशांत दाखवता येतो तो यामुळेच.

दरवेळी एवढे लिहिण्याचा कंटाळा येतो, म्हणून प्रमाण ग्रंथालयात, म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार घटकांच्या संग्रहात, वस्तुमान, वेग, दाब यांचे तयार प्रकार ठेवले आहेत. पण ‘व्होल्टेज’ हा प्रकार म्हणजे ठरावीक एकक चिकटवलेला ‘रिअल’च. भाषेच्या नियमांप्रमाणे व्होल्टेजच्या जागी दाब ठेवला तरी प्रकाराची चूक होत नाही. एकक हा अवतरणचिन्हांतला मजकूर असून तो तपासण्याचे काम मॉडेल चालवणाऱ्या साधनावर सोडले आहे. जुनी मॉडेल न मोडता एकके आणायला ही तडजोड सोयीची आहे, पण हाताशी असलेली मोठी सुरक्षितता तिने ऐच्छिक करून टाकली.

एककांचे अनुमान म्हणजे न लिहिलेली एकके साधनाने समीकरणांवरून काढणे. त्याची ताकद स्प्रिंगला बांधलेल्या ठोकळ्यात दिसते. समजा, वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि विस्थापन मीटरमध्ये घोषित केले आणि बाकी सगळे चल नुसते ‘रिअल’ ठेवले. वेग म्हणजे विस्थापनाचा काळानुसार बदल, म्हणून त्याचे एकक मीटर प्रतिसेकंद. वस्तुमान गुणिले त्वरण ही समीकरणाची डावी बाजू, म्हणजे न्यूटन. उजवीकडे स्प्रिंगचे बल (स्थिरांक गुणिले विस्थापन) आणि अवरोधाचे बल (गुणांक गुणिले वेग) यांची बेरीज आहे, आणि बेरजेतल्या प्रत्येक पदाचे एकक एकच असावे लागते. त्यावरून स्प्रिंगचा स्थिरांक न्यूटन प्रतिमीटर आणि अवरोधाचा गुणांक किलोग्रॅम प्रतिसेकंद निघतो. दोन घोषणांवरून पाच राशींची एकके मिळाली. समीकरणाला दिशा नसल्यामुळे हेच अनुमान उलटेही चालते : वेगाचे एकक दिले असते तर विस्थापनाचे मिळाले असते.

आत घडते ते बीजगणितच. प्रत्येक एकक म्हणजे सात मूळ एककांच्या घातांकांची रांग. गुणाकारात घातांकांची बेरीज होते, बेरजेत ते समान असावे लागतात, म्हणून अज्ञात घातांकांसाठी रेषीय समीकरणे तयार होतात. अडचण वर्गमुळाने येते. छिद्रातून जाणारा प्रवाह ‘गुणांक गुणिले दाबातील फरकाचे वर्गमूळ’ असा लिहिला, प्रवाह किलोग्रॅम प्रतिसेकंदात आणि दाब पास्कलमध्ये दिला, तर गुणांकाचे एकक किलोग्रॅम-मीटरचे वर्गमूळ येते. मॉडेलिकाच्या एककलेखनात घातांक पूर्णांकच चालतो, तेव्हा हे एकक घोषणेत लिहिताच येत नाही. तेच सूत्र क्षेत्रफळ, घनता आणि दाबफरक वेगळे ठेवून लिहिले की घातांक पुन्हा पूर्णांक होतात आणि सूत्राचा भौतिक अर्थही उघड होतो. साधनाने आत अपूर्णांक सांभाळावेत हे खरे, पण इथे लेखकाने सूत्र सुधारणे जास्त बरे.

खरा वाद नुसत्या आकड्यांचा आहे. मॉडेलिकात एकक न लिहिणे आणि ‘१’ लिहिणे या वेगळ्या गोष्टी आहेत : पहिल्यात एकक सांगितलेले नाही, दुसऱ्यात राशी एककरहित आहे असे ठामपणे म्हटले आहे. मग विस्थापनात २ मिळवले, तर ते दोन मीटर मानायचे की चूक? पहिला मार्ग धरला तर चुका निसटतात, दुसरा धरला तर जुन्या मॉडेलांवर इशाऱ्यांचा पाऊस पडतो. एफ शार्प भाषेने कडक बाजू घेतली. अँड्र्यू केनेडी यांच्या केंब्रिजमधील संशोधनातून आलेल्या तिच्या पद्धतीत एकक हा प्रकाराचाच भाग असतो, एककाशिवायचा आकडा एककरहित धरला जातो, आणि प्रोग्रॅम चालताना एककांचा मागमूस उरत नाही.

तापमानाला तर एकक कळूनही भागत नाही. २० अंश सेल्सिअस म्हणजे २९३.१५ केल्विन, पण २० अंशांचा फरक म्हणजे २० केल्विनच. म्हणून ग्रंथालयात तापमान आणि तापमानातील फरक असे दोन प्रकार वेगळे ठेवले आहेत. बलाघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम) आणि ऊर्जा यांचीही हीच गत : दोघांची मिती, म्हणजे मूळ एककांचे घातांक, एकच, त्यामुळे फक्त घातांक पाहणाऱ्या अनुमानाला त्यांच्यात फरक दिसत नाही, तो राशीच्या नावानेच सांगावा लागतो.

एककांच्या चर्चेत १९९९ मध्ये मंगळाजवळ गमावलेल्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या नासाच्या यानाचा दाखला हमखास येतो. तिथे एका प्रोग्रॅमने आवेग (बल गुणिले वेळ) पाउंड-बल-सेकंदांत लिहिला आणि दुसऱ्या बाजूने तो न्यूटन-सेकंद समजून वाचला, म्हणजे सुमारे ४.४५ पटींचा फरक. पण त्या दोघांमध्ये फाइल होती. एका मॉडेलच्या आतले अनुमान कितीही चोख असले तरी फाइलमधल्या उघड्या आकड्यापर्यंत ते पोचत नाही, तिथे एकक आकड्यासोबतच लिहून पाठवावे लागते.