केर कुणी काढायचा? मांडीच्या स्नायूला विचारून ठरवा

मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरी मदतनीस पाठवण्याची सेवा सुरू केली. तेव्हापासून ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, निदान मी बसतो त्या कट्ट्यावर तरी, एक जुना वाद नव्याने रंगला आहे. एक बाजू म्हणते, जन्मभर राबलो, पेन्शन येते आहे, आता कुंचा कशाला हातात घ्यायचा? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की घरकाम हाच खरा व्यायाम, बाई लावली की माणूस खाटेला लागला म्हणून समजा. दोन्ही बाजू आवाज चढवून बोलतात आणि दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर आहेत.

पैशाचा हिशेब मी इथे करणार नाही. धुणंभांडी, केरफरशी आणि पोळ्या यांचे दर गल्लीगणिक बदलतात आणि ज्याचा त्याला परवडण्याचा अंदाज असतो. शरीराचा हिशेब मात्र सगळ्यांना सारखाच लागू आहे आणि तो सहसा चुकीच्या एककात केला जातो, म्हणजे कॅलरीत.

आधी कॅलरीच घेऊ. शांत बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं तिला १ मेट म्हणतात. ती ताशी, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी असते. केर काढणं ३ मेटच्या थोडं वर जातं, भांडी घासणं आणि इस्त्री करणं २ च्या आसपास राहतं. साठ किलोच्या माणसाने अर्धा तास केर काढला, तर शंभरेक किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या तीस नुसतं बसूनही झाल्याच असत्या. म्हणजे निव्वळ कमाई सत्तर, पुरती एक पोळीही नाही. वजन उतरवायला घरकाम करणाऱ्याच्या पदरी निराशाच येणार. उत्तर आयर्लंडमध्ये साडेचार हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी झाली होती. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. ज्यांच्या एकूण हालचालीत घरकामाचा वाटा मोठा होता, ते उलट जास्त वजनदार निघाले. घरकाम किती जोरात केलं याचा अंदाज आपण वाढवून सांगतो, हे त्यामागचं एक संभाव्य कारण.

मग दुसरी बाजू हरली? नाही. सिंगापूरच्या यिशुन भागात २१ ते ९० वयोगटातल्या ४८९ लोकांची चाचणी झाली आणि ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पासष्टच्या पुढच्यांमध्ये जे लोक जड घरकाम (खिडक्या पुसणं, फरशी घासणं वगैरे) जास्त करत होते, ते खुर्चीतून लवकर उठत होते आणि त्यांचा तोल चांगला होता. इथे कुणीही शहाणा वाचक विचारेल की काम केल्याने पाय मजबूत झाले, की पाय मजबूत होते म्हणून काम जमत होतं? अशा एकवेळच्या पाहणीतून याचं उत्तर मिळत नाही. ते शोधायला स्नायूच्या आत शिरावं लागतं, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

मांडीचा पुढचा स्नायू म्हणजे लाखो बारीक तंतूंची जुडी. यातला एकही तंतू स्वतःच्या मर्जीने आकसत नाही. पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत एक चेतापेशी बसलेली असते, तिच्या लांब शेपटीला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदी एकेका तंतूला जाऊन मिळते. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट होतं. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका युनिटात जेमतेम दहा-वीस तंतू असतात, पोटरीत हजाराच्याही वर. चेतापेशीने हुकूम सोडला की तिचे सगळे तंतू एकदम आकसतात. अर्धे आकसले आणि अर्धे थांबले, असं होत नाही.

ही युनिटंही एका जातीची नसतात. काही लहान आणि मंद असतात. ती कमी जोर लावतात, पण तासन्‌तास थकत नाहीत. काही मोठी आणि शीघ्र असतात. ती क्षणात प्रचंड जोर लावतात आणि लवकर दमतात. यातलं कोण केव्हा कामाला लागतं याचा नियम अमेरिकी संशोधक एलवुड हेनेमन यांनी १९५७ मध्ये दाखवून दिला, आणि शरीरशास्त्रातल्या इतक्या देखण्या नियमाची शाळेच्या पुस्तकात ओळखही नसावी याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. नियम असा की लहान चेतापेशी आधी जागी होते, मोठी शेवटी. जोराची गरज वाढेल तसतशी मोठी युनिटं सामील होतात. सिंकपाशी उभं राहून कपबशा विसळताना पायातली फक्त लहान युनिटं कामावर असतात. मोठ्यांना बोलावणं जातच नाही, मग तुम्ही एक तास विसळा की तीन तास.

याला आणखी एक पदर आहे. जोर दोन प्रकारे वाढतो. जास्त युनिटं जागी करून, किंवा जागी असलेल्या युनिटांना दर सेकंदाला जास्त वेळा हुकूम सोडून. वय वाढतं तशी ही हुकूम सोडण्याची कमाल गतीही उतरते. म्हणजे तंतू शाबूत असला तरी त्याच्याकडून पूर्ण काम करवून घेणारी यंत्रणा ढिली पडते. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत स्नायू जाड न होताच जोर वाढतो. त्यात मोठा वाटा ही यंत्रणा पुन्हा लयीत येण्याचा असतो.

साठीनंतर मेरुरज्जूतल्या या चेतापेशी हळूहळू मरू लागतात. त्यांचे तंतू पोरके होतात. अशा पोरक्या तंतूला शेजारची जिवंत चेतापेशी नवी फांदी पाठवून दत्तक घेते. दत्तक घेणारी बहुधा मंद जातीची असते, मग शीघ्र तंतूही तिच्या घरी जाऊन मंद होतो. दत्तक घेण्यालाही मर्यादा आहेच. जे तंतू कुणीच घेत नाही ते मरतात, आणि त्यांच्या जागी चरबी नि चिवट ऊती भरते. स्वीडनमध्ये यान लेक्सेल आणि सहकाऱ्यांनी १५ ते ८३ वयाच्या ४३ पुरुषांच्या मांडीचा अख्खा स्नायू मृत्यूनंतर काढून त्याच्या आडव्या चकतीतले तंतू मोजले. १९८८ च्या त्यांच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष असा की म्हातारपणी स्नायू रोडावतो तो मुख्यतः तंतूंची संख्या घटल्यामुळे, आणि उरलेल्यांपैकी बारीक होतात ते बहुतांशी शीघ्र जातीचे.

शीघ्र तंतू गेले तर बिघडतं काय? चालणं चालूच राहतं, देवळापर्यंत जाता येतं, म्हणून वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. ते जाणवतं ठेच लागल्यावर. स्नायूला पूर्ण जोरावर यायला ३०० मिलीसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. पाय अडखळल्यावर सावरायला तेवढा वेळ मिळत नाही. पहिल्या काही क्षणांत जो जोर लागतो तो शीघ्र तंतूंचा असतो. म्हणून वयाबरोबर स्नायूच्या वस्तुमानापेक्षा ताकद वेगाने घटते, आणि ताकदीपेक्षाही वेगाने घटतो तो झटका, म्हणजे क्षणात जोर लावण्याची क्षमता.

आता केरफरशीकडे येऊ. मोठी युनिटं जागी होतात ती काम तुमच्या कमाल ताकदीच्या जवळ गेलं की. आणि इथेच एक गंमत आहे. खुर्चीतून उठताना तरुणाच्या गुडघ्याच्या स्नायूंना कमाल ताकदीच्या साधारण ४० टक्के जोर लावावा लागतो. सत्तरी पार केलेल्यांना त्याच कामाला ८० टक्क्यांच्या आसपास जोर लागतो, असं मोजमाप २००३ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. चाळिशीत ज्या कामाला आपण व्यायाम म्हणालो नसतो, ते पंचाहत्तरीत खरोखरीचा वजनी व्यायाम होऊन बसतं. त्या वयात जमिनीवरून, हात न टेकता, भाजी निवडून उठणं म्हणजे मोठ्या युनिटांना रोजचं बोलावणं. तेच पाच किलोचं दळण गिरणीतून आणणं, अर्धी बादली उचलून गॅलरीतल्या कुंड्यांना घालणं, ओली चादर पिळणं, पिशवी घेऊन दोन मजले चढणं यांचंही. उलट उभ्या ओट्याशी पोळ्या लाटणं, इस्त्री, कपड्यांच्या घड्या, डाळ निवडणं यात वेळ भरपूर जातो, पण मांडीला त्याची खबरही नसते.

त्यामुळे माझं मत असं. बाई लावायची तर खुशाल लावा, पण कष्टाची कामं तिला आणि सोपी कामं स्वतःला, अशी वाटणी करू नका. बहुतेक घरांत नेमकं हेच होतं. वाकण्याची, उचलण्याची, उठबशीची कामं पहिल्यांदा जातात आणि आपल्याकडे चहा करणं उरतं. दोन-तीन वर्षांत खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि आपण म्हणतो, वय झालं. वयाने नेलं किती आणि विश्रांतीने किती, याची एक झलक २००७ च्या एका प्रयोगात दिसते. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. उलट बाजूही दिसलेली आहे. बोस्टनमध्ये १९९० च्या सुमारास नव्वदीच्या घरातल्या दहा वृद्धांना आठ आठवडे मांडीचा जड वजनी व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

उभ्याने पाणी प्यायल्यामुळे गुडघे जातात, हा निरोप मला अजूनही आठवड्याला कुणीतरी पाठवतं. पाणी उभ्याने प्या नाहीतर बसून, ते जठरात जातं, गुडघ्यात जायला त्याला वाटच नाही. तिन्हीसांजेला केर काढला तर लक्ष्मी जाते हेही तसंच. सकाळी जमलं नाही तर संध्याकाळी काढा, स्नायूला तिथी-वेळ कळत नाही. सुशिक्षितांची अंधश्रद्धा जरा महाग असते. १७ देशांत (त्यात भारतही होता) सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीत हाताची पकड कमजोर असलेल्यांचा मृत्युदर जास्त आढळला, हे २०१५ मध्ये छापून आल्यावर पकड वाढवणारी स्प्रिंगची खेळणी विकणाऱ्यांचं फावलं. पकड ही सगळ्या शरीराच्या ताकदीची खूण आहे. टीव्हीसमोर बसून स्प्रिंग दाबल्याने मांडीतला एकही पोरका तंतू घरी परत येणार नाही.

काही कामं मात्र पैसे देऊनच करवून घ्यावीत. स्टुलावर चढून जळमटं काढणं आणि पंखे पुसणं ही पहिली. भरलेला सिलिंडर हलवणं दुसरं. त्यात गॅसच १४.२ किलोचा असतो, वर लोखंडाचं वजन. न्हाणीघराची ओली फरशी अ‍ॅसिडने घासणंही सोडून द्या. पैसे देऊन करवून घेतलं तरी अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र होणार नाहीत हे बघणं मात्र घरधन्याचं काम, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो बंद न्हाणीघरात माणसाला गुदमरवतो. गुडघ्याची झीज झालेल्यांनी उकिडवं बसून फरशी पुसू नये, लांब दांड्याचं फडकं वापरावं, आणि मांडीसाठी खुर्चीतून उठण्या-बसण्याच्या फेऱ्या घालाव्यात.

‘घरकाम हाच व्यायाम’ म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. तसं असतं तर दिवसाला पाच घरची केरफरशी करणाऱ्या बायकांचे गुडघे आणि कंबर ठणठणीत असायला हवी होती. तसं नसतं. व्यायामात ताण असतो, मग विश्रांती आणि पोटभर प्रथिनं. त्यांच्या कामात त्याच सांध्यावर तोच ताण रोज तासन्‌तास पडतो आणि सुट्टी नसते. पोटापाण्याची अंगमेहनत आणि स्वतःहून केलेला व्यायाम यांचे आरोग्यावरचे परिणाम वेगवेगळे निघतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा मदतनीस ठेवताना तिलाही लांब दांड्याचं फडकं द्या.

राहिला प्रश्न निवृत्त कोण झालं याचा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. साठाव्या वर्षी ऑफिसातून निरोप घेणाऱ्या गृहस्थाला घरकामातून निवृत्त होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो त्यात रुजूच झालेला नसतो. कट्ट्यावरच्या वादात तावातावाने बोलतो तोही तोच. त्याच्यासाठी सल्ला सरळ आहे: दळण, बादली आणि केर त्याने आजपासून घ्यावा. त्याच्या बायकोला मात्र पोळ्या, भांडी आणि निवडणं-टिपणं यांसाठी बाई लावून द्यावी, आणि सुटलेल्या तासाभरात तिने जिना चढावा, नाहीतर झोपावं, तिची मर्जी.