सर्व्हरलेस कंप्युटिंगबद्दलचे गैरसमज

सर्व्हरलेस कंप्युटिंगमधे आपण फक्त कोड द्यायचा, तो कुठल्या मशीनवर चालणार, किती मशीन लागणार, त्यांचे अपडेट कधी करायचे हे सगळं क्लाउड कंपनी बघते आणि बिल साधारण वापराप्रमाणे येतं. म्हणजे सर्व्हर असतातच, ते आपल्याला सांभाळावे लागत नाहीत एवढंच. गूगल अ‍ॅप इंजिन २००८ पासून याच्या बरंच जवळ होतं, पण ही पद्धत खरी रुळली ती नोव्हेंबर २०१४ मधे अ‍ॅमेझॉनने लॅम्डा ही सर्व्हरलेस सेवा जाहीर केल्यानंतर.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे आता स्केलिंगचं, म्हणजे वाढता लोड पेलण्याचं, टेन्शन संपलं. ट्रॅफिक वाढलं की फंक्शनच्या, म्हणजे आपण दिलेल्या कोडच्या, चालू कॉपी आपोआप वाढतात हे खरंय, पण लॅम्डात एका अकाउंटला एका रीजनमधे (क्लाउडच्या एका भौगोलिक विभागात) एकाच वेळी १,००० कॉपी ही डीफॉल्ट मर्यादा आहे, नवीन अकाउंटला तर कमीही मिळते, ती वाढवून मागता येते, पण नाही मागितली तर त्यापुढच्या रिक्वेस्ट थ्रॉटल होतात, म्हणजे अडवल्या जातात. आणि मागे जो डेटाबेस आहे त्याचं काय? नेहमीच्या लॅम्डात एक कॉपी एका वेळी एकच रिक्वेस्ट घेते आणि सहसा स्वतःचं कनेक्शन उघडते, पोस्टग्रेस या डेटाबेसची कनेक्शनची डीफॉल्ट मर्यादा आहे १००, मग पाचशे कॉपी एकदम उभ्या राहिल्या की फंक्शन मजेत चालतंय आणि डेटाबेस मात्र कनेक्शनच देत नाही असं होतं. म्हणून मधे कनेक्शन पूल करणारा प्रॉक्सी (थोडी कनेक्शन सगळ्यांत वाटून वापरणारा मध्यस्थ) टाकतात किंवा फंक्शनवरच मर्यादा घालतात. हे डिझाइन करतानाच ठरवायला हवं, लोड आल्यावर नाही.

दुसरा गैरसमज स्वस्ताईचा. अधूनमधून चालणाऱ्या कामाला हे खरोखर स्वस्त पडतं, पण लॅम्डाचं बिल रिक्वेस्टची संख्या आणि मेमरी गुणिले वेळ असं लागतं, त्यामुळे फंक्शन दुसऱ्या एपीआयच्या (बाहेरच्या सेवेच्या) उत्तराची वाट बघत नुसतं बसलेलं असलं तरी मीटर चालूच, आणि दिवसरात्र सारखा लोड असेल तर साधा सर्व्हर परवडू शकतो. २०२३ मधे प्राइम व्हिडिओच्या टीमने व्हिडिओची क्वालिटी तपासणारी एक सिस्टिम सर्व्हरलेसवरून एकाच प्रोसेसमधे आणली आणि खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला असं सांगितलं. त्यावरून सर्व्हरलेस संपलं असं बरेच जण म्हणायला लागले, तेही चूकच, कारण तिथे पैसे जात होते ते मुख्यतः टप्प्याटप्प्याच्या समन्वयावर आणि व्हिडिओच्या फ्रेम (एकेक चित्र) स्टोरेजमधे टाकण्या-काढण्यावर.

कोल्ड स्टार्टचा बाऊ जरा जास्तच होतो. नवीन कॉपी उभी राहताना थोडा उशीर लागतो तोच हा कोल्ड स्टार्ट, जड लायब्ररी असतील तर जास्त, पण सतत वापरात असलेल्या फंक्शनच्या फार थोड्या रिक्वेस्टना तो जाणवतो.

फंक्शन स्टेटलेस (आधीचं काही लक्षात न ठेवणारं) म्हणतात म्हणून ते प्रत्येक वेळी कोरं असतं, असंही समजू नये. तीच कॉपी पुढच्या रिक्वेस्टला परत वापरली जाते, ग्लोबल व्हेरिएबलमधे ठेवलेला एका युजरचा डेटा दुसऱ्याला दिसू शकतो आणि ही चूक टेस्टिंगमधे सहज निसटते. तसंच कोड एकदाच चालेल याचीही खात्री नाही: असिंक्रोनस कॉल (उत्तराची वाट न बघता केलेला) फेल झाला तर लॅम्डा डीफॉल्टने आणखी दोनदा प्रयत्न करतं, त्यामुळे पैसे कापणाऱ्या फंक्शनने ही ऑर्डर आधी झालीय का हे ऑर्डर आयडीवरून तपासलंच पाहिजे.