पेसमेकर बसवून घरी आल्यावर
(घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या आमच्या सेवेच्या सोलापुरातील ग्राहकांसाठी)

आमच्या सिस्टर ड्रेसिंगला आल्या की बहुतेक घरांत पहिला प्रश्न बॅटरीचा असतो. ती साधारण 8 ते 12 वर्षं चालते, तिची काळजी आत्ता नको. पहिला दीड महिना जपायची ती छातीवरची, खांद्याखालची जागा, जिथे कातडीखाली मशीन ठेवलंय.

तिथे थोडं दुखणं, निळसर दिसणं चालतं. पण सूज रोज वाढतेय, जागा टणक होऊन ताणल्यासारखी झालीय, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त होतं. तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. "सिस्टर, सुईने काढून टाका की" असा आग्रह होतो. आम्ही ते करणार नाही, दुसऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका. सुईबरोबर जंतू आत जातात, आणि संसर्ग मशीनपर्यंत पोचला की नुसत्या कॅप्सूलवर भागत नाही. बहुतेक वेळा मशीन आणि वायरी दोन्ही काढाव्या लागतात. म्हणून हळद नको, शेक नको, चोळणं तर नकोच. सोलापूरच्या मे महिन्यात घामाने पट्टी भिजतेच. भिजली तर तशीच ठेवू नका, आम्हाला बोलवा. लाली, पू किंवा ताप आला तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वर्षभराने कातडी पातळ होऊन मशीनची कड दिसू लागली, तरीही तेच.

वायरीचं टोक हृदयात पक्कं बसायला काही आठवडे लागतात. तोवर त्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर नेऊ नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, आलं की घरभर पळापळ. भरलेली बादली दुसऱ्याला उचलू द्या. वायर सरकली की जुनी चक्कर, भोवळ परत येते. कधी थांबता न थांबणारी उचकी लागते आणि माणूस ॲसिडिटीची गोळी खात बसतो.

उलटी चूकही आम्ही बघतो. भीतीने हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवतात आणि खांदा आखडतो. खांद्याच्या खाली हात हलवत राहा, जेवण, कपडे, सगळं करा.

मशीन बोटांनी चाचपायची, फिरवायची सवय काहींना लागते. त्याने आतली वायर गुंडाळली जाऊन ओढली जाते. डॉक्टरांनी या प्रकाराची नोंद 1968 मध्येच केली आहे.

अचानक धाप लागली, छातीत जोरात दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर आमची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

सिस्टर येतील तेव्हा पेसमेकरचं कार्ड आणि डिस्चार्जचा कागद समोर ठेवा. मशीन कमीत कमी किती ठोक्यांवर लावलंय ते डॉक्टरांकडून त्यावर लिहून घ्या. सिस्टर पूर्ण मिनिटभर नाडी मोजतील. आकडा त्याखाली आला तर तिथूनच डॉक्टरांना फोन लावतील.