हरित इमारत भारतात दोनदा आली

नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत जलतरण तलावाच्या शेजारी ‘ग्रीन रेटेड’ हा शिक्का आता असतोच. तो मिळवून देणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. कुणी ऊर्जेचं गणित संगणकावर मांडतं, कुणी मानांकनाच्या फायली तयार करतं, कुणी काच आणि एसी सुचवतं. हा व्यवसाय जेमतेम पंचवीस वर्षांचा. कमी सामानात, कमी विजेत आणि हवामान ओळखून कसं बांधायचं, यावर झटणारी माणसं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होती. ती मंडळी आणि आजचे सल्लागार एका घराण्यातले नाहीत. हरित इमारत या देशात दोन वेगळ्या दारांनी आली, आणि या क्षेत्रातले आजचे बरेचसे वाद त्यातूनच निघतात.

पहिलं दार वर्ध्याचं. १९३६ साली गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले. तिथल्या कुट्या गावातली माती, बांबू, लाकूड आणि गावातलेच हात यांच्यावर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी ‘पर्यावरणपूरक’ म्हटलं नाही. प्रश्न काटकसरीचा आणि गावाच्या रोजगाराचा होता. पुढे बर्मिंगहॅममध्ये शिकलेले वास्तुविशारद लॉरी बेकर दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये काम करून परतताना जहाजासाठी मुंबईत अडकले, आणि तिथे त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घराचं सामान घरापासून पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हे गांधीजींचं म्हणणं बेकर नंतर आयुष्यभर सांगत राहिले. आधी पिठोरागढच्या डोंगरात आणि मग तिरुवनंतपुरमला त्यांनी ते बांधूनही दाखवलं.

बेकरांच्या दोन युक्त्या नीट समजून घेण्यासारख्या आहेत. नेहमीच्या नऊ इंची भिंतीत वीट पसरट ठेवतात. बेकर ती कडेवर उभी ठेवायला लावत. भिंतीची जाडी तेवढीच राहते, पण मधोमध पोकळी सुटते. विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे बाहेरचं ऊन आत उतरायला वेळ लागतो. दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅबचा वरचा भाग दाब घेतो आणि खालचा ताण. पण काँक्रीटला ताण सोसत नाही, तो सळई घेते. खालचं काँक्रीट बहुतांशी सळई धरून ठेवण्यापुरतंच असतं. मग सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलं बसवून तेवढं काँक्रीट वगळायचं. स्लॅब हलका होतो, सिमेंट वाचतं आणि हिशेब नीट केला असेल तर ताकदीला धक्का लागत नाही. अडचण एवढीच, की गवंड्याला हे शिकवावं लागतं आणि काँक्रीट पडताना कुणीतरी जाणत्याने सेंटरिंगवर, म्हणजे खालच्या आधाराच्या साच्यावर, उभं राहावं लागतं. कचेरीत बसून हे जमत नाही. १९८५ साली त्रिशूरला ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था निघाली ती याच कारणासाठी. माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज बेकरांच्या सोबत होते.

दरम्यान १९७३च्या तेलसंकटाने शास्त्रज्ञांनाही ऊर्जेचा हिशेब करायला लावलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा गट सुरू झाला. ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान शोधणं हे त्याचं काम. त्यातूनच मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या ठोकळ्यांवर मोठं संशोधन झालं. भट्टी लागत नाही, म्हणजे सरपणही नाही आणि धूरही नाही. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये १९८९ साली मातीच्या बांधकामाची संस्था उभी राहिली. दिल्लीकडे रेवती कामत, बंगळुरूत चित्रा विश्वनाथ अशा वास्तुविशारदांनी मातीची घरं शहरी मध्यमवर्गाच्या दारात नेली. चार्ल्स कोरिया आणि बाळकृष्ण दोशी यांची वाट थोडी निराळी, पण हवामान त्यांच्याही आराखड्याच्या मुळाशी होतं. अहमदाबादेतलं दोशींचं ‘संगाथ’ हे कार्यालय अर्धं जमिनीत आहे आणि त्याच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनी मातीचे फुटके तुकडे बसवलेले आहेत. ऊन परतवायला एवढं पुरतं. दोशींचा जन्म पुण्याचा, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रात हा प्रवाह का रुजला नाही, याची कारणं अनेक असतील. त्यातलं एक ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेचं आहे. किल्लारी परिसरातली घरं जाड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. दोष दगडात किंवा मातीत नव्हता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आडवे दगड नव्हते, कोपरे जखडलेले नव्हते, आणि डोक्यावरचं ओझं वर्षानुवर्षं माती टाकून वाढलेलं होतं. पण ढिगाऱ्याखालून बाहेर आलेल्या माणसाला हे पटवून काय उपयोग? मराठवाड्यात दगडमातीच्या घराची धास्ती बसली ती बसलीच, आणि ‘पक्कं घर’ म्हणजे सिमेंटचं घर हे समीकरण घट्ट झालं. देशी बांधकामाचा गौरव करणारे लेख हा भाग सहसा गाळतात.

दुसरं दार उघडलं ते उदारीकरणानंतर. आयटी कंपन्या आल्या आणि त्यांच्यासोबत काचेच्या इमारती आल्या. थंड देशात आत ऊन घ्यायला वापरायची काच आपण बंगळुरू-गुरुग्रामच्या उन्हात लावली आणि मग आतली उष्णता बाहेर काढायला एसी बसवले. वीजबिलं वाढली तशी उद्योगांनाच उपायांची गरज भासू लागली. भारतीय उद्योग महासंघाने (सीआयआय) २००१ साली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन केली आणि अमेरिकेतली ‘लीड’ मानांकन पद्धत इथे आणली. हैदराबादचं सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर हा या प्रवाहाचा पहिला मोठा टप्पा. वडोदऱ्याचे वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी त्यात चौक, जाळ्या, छतावरची हिरवळ, हवा गार करणारे मनोरे असं बरंच जुनं सामान वापरलं. या इमारतीला ‘लीड’चं सर्वोच्च प्लॅटिनम मानांकन मिळालं, अमेरिकेबाहेर पहिलंच. १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

इथून तज्ज्ञाची ओळखच बदलली. निकष, गुण आणि प्रमाणपत्र आलं, तसा ते गुण जमवून देणारा सल्लागारही आला. परीक्षेच्या पद्धतीने काही चांगलं नक्कीच झालं; बिल्डर पाण्याचा, विजेचा, राडारोड्याचा हिशेब ठेवायला शिकले. पण गुण मिळत होते ते मुख्यतः एका ‘प्रमाण’ इमारतीच्या, म्हणजे तुलनेसाठी कागदावर धरलेल्या नेहमीच्या इमारतीच्या तुलनेत किती बचत झाली यावर. प्रमाण इमारतच एसीवर चालणारी धरली, की पूर्ण काचेची इमारतही चांगली काच आणि चांगलं यंत्र घेऊन उत्तीर्ण होऊ शकते. शिवाय गुण मोठ्या प्रमाणात आराखड्यावर. लोक राहायला आल्यावर मीटर काय दाखवतो, ही वेगळी गोष्ट.

याला उत्तर म्हणून दिल्लीच्या ‘टेरी’ या ऊर्जा-पर्यावरणाच्या संशोधन संस्थेने केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासोबत ‘गृह’ ही भारतीय पद्धत २००७ साली आणली. भारतातले वेगवेगळे हवामान विभाग आणि एसी नसलेल्या इमारती यांना तिच्यात जागा होती. आयआयटी कानपूरमधली पर्यावरण विज्ञान केंद्राची इमारत तिचे पाच तारे मिळवणारी पहिली. महाराष्ट्राने तर मानांकनाला थेट चटईक्षेत्र जोडलं: डिसेंबर २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या पायरीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर तेवढं जास्त बांधकाम करायची मुभा आहे. कमी साधनं वापरल्याबद्दल जास्त बांधकामाचं बक्षीस देण्यातली गंमत नियम करणाऱ्यांच्या लक्षात आली असेलच.

शहराच्या पातळीवर काम करणारे तज्ज्ञ या दोन्ही दारांच्या बाहेरच राहिले. त्यातलं मला सर्वांत मोठं वाटणारं नाव ध्रुवज्योती घोष. ते पश्चिम बंगाल सरकारचे अभियंते. कोलकात्याचं सांडपाणी जातं कुठे, याचा माग १९८०च्या दशकात काढताना ते शहराच्या पूर्वेच्या उथळ तळ्यांपाशी पोचले. तिथल्या ‘भेरीं’मध्ये, म्हणजे मासे पाळायच्या तळ्यांमध्ये, सांडपाणी ठरावीक प्रमाणात सोडलं जातं. ऊन आणि शेवाळ मिळून ते शुद्ध करतात, त्यावर मासे वाढतात आणि उरलेलं पाणी भाताला जातं. हे सगळं कोळी आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करत होते, शहराकडून एक पैसा न घेता. घोष यांनी त्याचे नकाशे केले, मोजमापं घेतली आणि जमीन बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून आयुष्यभर भांडले. २००२ साली १२,५०० हेक्टरच्या या पाणथळीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींना मिळणारा रामसर दर्जा मिळाला. या कामाला कुठल्याही मानांकनात रकाना नव्हता.

कायदा मात्र हळूहळू दोन्ही प्रवाहांकडून घेऊ लागला आहे. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऊर्जा दक्षता ब्यूरो आला, २००७ साली व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली आणि डिसेंबर २०१८मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’. ती एक सोपा प्रश्न विचारते: भिंती-खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरते? थंड हवामानाचे प्रदेश सोडून सगळीकडे उत्तर दर चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवं. खिडकीवर छज्जा आहे का, काच किती, भिंत कशाची, हे सगळं त्या एका आकड्यात येतं; एसी कुठला लावणार हे २०१८च्या त्या संहितेने विचारलंच नव्हतं.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांचं काम याच धाटणीचं. त्यांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि शिमला इथल्या १६ कार्यालयांत, तीन ऋतूंत, कर्मचाऱ्यांना तुम्हाला बरं वाटतंय का, असं विचारून ६,३३० नोंदी गोळा केल्या. बाहेरच्या हवेप्रमाणे माणसाची सुखाची पातळीही सरकते, आणि पाश्चात्त्य मानकांनी गृहीत धरल्यापेक्षा भारतीय माणूस अधिक तापमानात निवांत काम करतो, असं निघालं. २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे प्रारूप घेतलं गेलं.

ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आल्या. मर्यादा १०० किलोवॉट जोडभाराची, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या उपकरणांच्या एकूण विद्युतभाराची. ती खाली आणण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. आराखडा तपासायचा आहे नगरपालिकेच्या अभियंत्याने, ज्याच्या टेबलावर आधीच अग्निशमन, पार्किंग आणि सामासिक अंतरं यांच्या फायली पडलेल्या असतात. आणि तालुक्याच्या गावातलं दुमजली घर या मर्यादेच्या आसपासही येत नाही. त्याचा आराखडा आजही ठेकेदार आणि गवंडी मिळून ठरवतात, आणि त्या गवंड्याला शिकवायची सोय या संहितांमध्ये नाही.