फायबरची होडी कुजत नाही? थोडं थांबा

जुनी होडी विकायला निघाली की एक वाक्य हमखास फॉरवर्ड होतं, "फायबर आहे, कुजायचा प्रश्नच नाही." फायबर कुजत नाही हे खरंच आहे, म्हणून तर सगळ्यांना ते पटतं. पण बऱ्याच जुन्या होड्यांत इंजिन लावायची मागची फळी, तळातले लांबीच्या दिशेने जाणारे वासे आणि डेकच्या आत प्लायवूड किंवा लाकूड असतं, वरून फक्त फायबरचा थर. बोल्ट-स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. त्यात खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त वाईट, बुरशीला तेच मानवतं, म्हणून जून-जुलैत होडी किनाऱ्यावर वर ओढून ठेवली होती तेव्हा नीट झाकलेली होती का हे आधी विचारा.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मागची फळी सगळीकडे हळूहळू ठोकत जा. चांगल्या जागी खणखणीत वाजतं, कुजलं असेल तर बद्द. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला धरून दाबा, फळी हलली किंवा कोपऱ्यात तडे दिसले तर सावध व्हा. तरी नुसत्या आवाजावर जाऊ नका, आत फोम असेल तरी तो बद्दच येतो. खात्री हवी तर मालकाला विचारून आतल्या बाजूने, अगदी खालच्या भागात एक बारीक भोक पाडा, आरपार नाही. भुसा कोरडा, फिकट आला तर ठीक, काळपट ओला लगदा, कुबट वास आला तर लाकूड गेलंय. भोक नंतर इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या पक्क्या गोंदाने) लगेच बुजवा.