तसं झालं असतं तर? खेळ आणि पॉप कल्चरच्या पर्यायी इतिहासाची पार्श्वभूमी

२० जानेवारी १९७० च्या रात्री शेकडो थिएटरांत लोक तिकीट काढून एक अशी फाइट बघायला बसले होते जी कधी झालीच नव्हती. मुहम्मद अली विरुद्ध रॉकी मार्सियानो. मार्सियानो ४९ पैकी ४९ फाइट जिंकून १९५६ मध्येच रिटायर झाला होता, आणि अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचं टायटल आणि लायसन दोन्ही गेलं होतं. म्हणजे एकाचं वय निघून गेलेलं आणि दुसऱ्याला रिंगमध्ये उतरायची परवानगी नाही. मग मरी वॉरोनर नावाच्या मायामीच्या रेडिओ प्रोड्यूसरने हा प्रश्न कॉम्प्युटरला विचारला.

खरं तर त्याने आधी १९६७ मध्ये रेडिओवर सगळ्या काळातल्या हेवीवेट चॅम्पियन्सची टूर्नामेंट घेतली होती. जाणकारांकडून प्रत्येक बॉक्सरबद्दलची माहिती गोळा करायची, ती एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरला द्यायची आणि जे उत्तर येईल त्यावरून कॉमेंट्री लिहून ती खऱ्या फाइटसारखी ऐकवायची. त्यात अली जिम जेफ्रीजकडून हरला, आणि अलीने चक्क दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. माझ्या मते या सगळ्या विषयात याच्याइतकी महत्त्वाची गोष्ट दुसरी नाही, कारण इथे पहिल्यांदा एका खऱ्या खेळाडूने म्हटलं की माझ्या कल्पनेतल्या पराभवाने माझं खरं नुकसान झालंय. त्या वेळी त्याच्याकडे नावाशिवाय कमाईचं दुसरं साधनच उरलं नव्हतं, त्यामुळे हे नुसतं मानापमानाचं नव्हतं. शेवटी दावा मिटला आणि अली मार्सियानोबरोबर पडद्यावर उतरायला तयार झाला.

१९६९ मध्ये मायामीत बंद जागेत शूटिंग झालं. मार्सियानोने वीसेक किलो वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप घातला, आणि दोघांनी एकेक मिनिटाचे सत्तरेक राउंड शूट केले, खोटं रक्त लावून, निरनिराळे शेवट करून, त्यामुळे जिंकणार कोण हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. मार्सियानोला ते कधी कळलंच नाही, ३१ ऑगस्ट १९६९ ला तो विमान अपघातात गेला. अमेरिकेत दाखवलेल्या प्रिंटमध्ये मार्सियानो तेराव्या राउंडला नॉकआउटने जिंकतो आणि युरोपात दाखवलेल्या एका प्रिंटमध्ये अली. एकाच घटनेचे दोन पर्यायी इतिहास, दोन प्रेक्षकवर्गांना. २००६ च्या रॉकी बाल्बोआ सिनेमाची कथासुद्धा म्हाताऱ्या रॉकीच्या अशाच कॉम्प्युटर फाइटवरून सुरू होते, यावरून त्या कल्पनेचा टिकाऊपणा कळतो.

आता थोडं मागे जाऊ. 'तसं झालं असतं तर' हा प्रश्न आधी राजे आणि सेनापतींबद्दल विचारला गेला. रोमन इतिहासकार लिव्हीने आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात मध्येच थांबून विचारलंय की अलेक्झांडर पूर्वेला न जाता रोमवर चालून आला असता तर काय झालं असतं, आणि उत्तर दिलंय की रोमच जिंकलं असतं. आपल्या टीमच्या फॅनने जे लिहिलं असतं तेच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये १८३६ ला लुई जोफ्रवाने नेपोलियन अख्खं जग जिंकतो अशी कादंबरी लिहिली, पुढे १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये निघालेल्या एका निबंधसंग्रहात चर्चिलनेही अमेरिकन यादवी युद्धाचा निकाल उलटा करून पाहिला. पण खेळाकडे यातल्या कोणाचं लक्ष गेलं नाही, जाणारही नव्हतं, कारण पगारी खेळाडू, ठरलेली लीग, दरवर्षीच्या आकड्यांची नोंद हे सगळं उभं राहायलाच एकोणिसावं शतक संपत आलं.

आणि आकडे आल्याशिवाय खेळाचा पर्यायी इतिहास करताच येत नाही. बेसबॉलमध्ये तो आधी रुजला तो याच कारणाने, तिथे प्रत्येक मॅचच्या आकड्यांची नोंद होती. लेखक जॅक केरुआकने शाळकरी वयात पत्त्यांवर चालणारी स्वतःची बेसबॉल लीग बनवली होती, पॉन्टियाक वगैरे गाड्यांच्या नावाच्या टीम, स्वतः लिहिलेल्या बातम्या, आणि मोठा झाल्यावरही तो ती खेळत राहिला. १९५१ मध्ये एपीबीए आणि १९६१ मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिक हे फाशांवर चालणारे गेम बाजारात आले, खेळाडूचं कार्ड, फासे आणि तक्ता, बस, आता कुठल्याही सालची टीम कुठल्याही सालच्या टीमशी खेळवा. १९८१ च्या संपात खरी ऑल-स्टार मॅच पुढे गेली तेव्हा क्लीव्हलँडच्या स्टेडियमवर ती स्ट्रॅट-ओ-मॅटिकवर खेळवली होती. स्टेडियम खरं, खेळाडूंची नावं खरी, मॅच फाशांची.

त्याच सुमाराला कॉमिक्सवाल्यांनीही हाच धागा पकडला. मार्व्हलची 'व्हॉट इफ' मालिका १९७७ ला सुरू झाली, पहिल्या अंकात स्पायडरमॅन फँटास्टिक फोरमध्ये सामील होतो, आणि १९७८ मध्ये डीसीने सुपरमॅनला थेट मुहम्मद अलीसमोर रिंगमध्ये उभं केलं. परत अलीच! खेळाडू हा आता फक्त खेळाडू राहिला नव्हता, पॉप कल्चरमधलं पात्र झाला होता, आणि पात्र म्हटलं की त्याची गोष्ट वेगळी लिहिता येते.

पण मला यातला सगळ्यात रंगणारा भाग वेगळाच वाटतो. नवखे लोक पर्यायी इतिहास लिहायला बसले की शेवटच्या बॉलचा निकाल फिरवतात, आपली टीम जिंकवतात आणि मग दहा वर्षं जिंकवतच राहतात. वाचायला कंटाळा येतो. खरे फाटे बहुतेक वेळा ऑफिसात फुटतात, एखाद्या करारावर, एखाद्या नाणेफेकीवर, टीव्ही हक्कांच्या मीटिंगमध्ये, आणि त्यांचे परिणाम मैदानाबाहेर कपड्यांत, गाण्यांत, सिनेमात दिसतात.

१९८४ चा एनबीए ड्राफ्टच घ्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या टीमनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम. पहिला नंबर ह्यूस्टनला की पोर्टलंडला हे नाणं उडवून ठरलं, ह्यूस्टन जिंकलं, त्यांनी हकीम ओलाजुवॉन घेतला. पोर्टलंडकडे मायकल जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आदल्याच वर्षी आला होता, त्यांना उंच सेंटर हवा होता, म्हणून त्यांनी सॅम बोवी घेतला, आणि तिसऱ्या नंबरवर जॉर्डन शिकागोला मिळाला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आता पुढची साखळी बघा. जॉर्डनला स्वतःला आदिदास आवडायचं, पण करार नायकेशी झाला, १९८५ मध्ये एअर जॉर्डन बूट बाजारात आले आणि पहिल्याच वर्षी १२ कोटी ६० लाख डॉलरची विक्री झाली. १९८६ मध्ये स्पाइक लीने आपल्या पहिल्या फीचर फिल्ममध्ये मार्स ब्लॅकमन नावाचं पात्र केलं जे एअर जॉर्डन पायातून काढायलाच तयार नसतं, ते बघून नायकेने त्याच पात्राला घेऊन जाहिराती केल्या. मग १९९२ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलला, जॉर्डन आणि बग्ज बनीची जाहिरात, आणि त्या जाहिरातीतून १९९६ चा स्पेस जॅम हा सिनेमा. म्हणजे नाणं दुसऱ्या बाजूला पडलं असतं तर पोर्टलंड ओलाजुवॉन घेतं, ह्यूस्टन बहुतेक जॉर्डन घेतं, आणि या साखळीतली प्रत्येक कडी नव्याने तपासावी लागते.

आणि पोर्टलंडने बोवीऐवजी जॉर्डनच घेतला असता तर? इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, नायकेचं मुख्यालय पोर्टलंडला लागूनच आहे. त्यामुळे बूट कदाचित तसेच आले असते, पण ड्रेक्सलर तिथे असताना जॉर्डनला सुरुवातीपासून अख्खी टीम हातात मिळाली नसती, आणि शिकागोसारख्या मोठ्या टीव्ही मार्केटचा फायदाही नसता मिळाला. बूट चालले असते पण सिनेमा आला असता असं मला वाटत नाही.

क्रिकेटमधला असा फाटा म्हणजे ऑस्ट्रेलियातला टीव्ही चॅनलचा मालक केरी पॅकर. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेटचे टीव्ही हक्क घ्यायला तो बोर्डाकडे गेला, मोठी रक्कम घेऊन गेला, तरी बोर्डाने हक्क आधीपासूनच्या सरकारी चॅनलला कमी पैशांत दिले. पॅकरने स्वतःच्या मॅचेससाठी गुपचूप खेळाडूच साइन केले, इयन चॅपेल, क्लाइव्ह लॉइड, इंग्लंडचा कॅप्टन टोनी ग्रेग, आणि मे १९७७ मध्ये बातमी फुटली. त्या खेळाडूंवर बंदी घालायचा प्रयत्न इंग्लंडच्या हायकोर्टात टिकला नाही. नोव्हेंबर १९७८ मध्ये सिडनी क्रिकेट ग्राउंडवर दिव्यांच्या उजेडात मॅच झाली तेव्हा मैदान भरून गेलं होतं. पांढरा बॉल, रंगीत कपडे, दोन्ही टोकांना कॅमेरे, तोंडावर बसणारं जाहिरातीचं गाणं, हे सगळं त्या दोन सीझनमध्ये आलं किंवा तिथेच पक्कं झालं. बोर्डाने त्या मीटिंगमध्ये हो म्हटलं असतं तर पॅकर नुसता एक चॅनलवाला राहिला असता, आणि खेळाडूंचं मानधन वाढायलाही बहुधा आणखी बरीच वर्षं गेली असती.

संगीतातही फाटे ऑफिसातच फुटतात. १ जानेवारी १९६२ ला बीटल्सनी डेक्का कंपनीकडे ऑडिशन दिली आणि कंपनीने नाही म्हटलं, त्याच वर्षी प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिनने त्यांना पार्लोफोन या लेबलवर घेतलं. डेक्काने हो म्हटलं असतं तर बँड तीच असती, पण स्टुडिओत त्यांच्याबरोबर मार्टिन नसता, आणि पुढच्या रेकॉर्ड्स तशा झाल्याच नसत्या.

मॉन्ट्रियल एक्स्पोजची गोष्ट मात्र खरंच चटका लावते. ऑगस्ट १९९४ मध्ये बेसबॉलचा संप सुरू झाला तेव्हा ही टीम ७४ विजय आणि ४० पराभवांसह सगळ्या लीगमध्ये पुढे होती. सीझन रद्द, वर्ल्ड सिरीज रद्द. संप मिटल्यावर पैसे वाचवायला काही दिवसांत ग्रिसम, वेटलँड आणि हिल यांना देऊन टाकलं, लॅरी वॉकरही गेला, आणि २००५ मध्ये तर टीमच वॉशिंग्टनला गेली. याच एक्स्पोजनी १९९५ च्या ड्राफ्टमध्ये एका शाळकरी कॅचरला निवडलं होतं, टॉम ब्रेडी. तो अमेरिकन फुटबॉलकडे गेला आणि तिथला दिग्गज झाला. एका टीमच्या नशिबाशी दोन खेळांचा इतिहास जोडलेला असा सापडतो तेव्हा रात्ररात्र जागून टायमलाइन लिहिणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता साधनं खूप आहेत. १९८२ मध्ये केविन टॉम्सचा फुटबॉल मॅनेजर घरगुती कॉम्प्युटरवर आला, १९९२ मध्ये चॅम्पियनशिप मॅनेजर, आणि आजच्या बेसबॉल सिम्युलेशनमध्ये जुन्या काळातलं कुठलंही साल निवडून तिथून इतिहास परत चालवता येतो. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे ग्रँड नॅशनल घोड्यांची रेस रद्द झाली तेव्हा ब्रिटनमध्ये टीव्हीवर कॉम्प्युटरने बनवलेली रेस दाखवली, पॉटर्स कॉर्नर जिंकला, लोकांनी खरे पैसे लावले होते आणि बुकमेकर्सचा नफा आरोग्यसेवेच्या मदतनिधीला गेला.

एवढं सगळं असूनही सगळ्यात मोठे प्रश्न सिम्युलेशनला विचारताच येत नाहीत, कारण त्या लोकांना खेळूच दिलं नाही, मग आकडे कुठून येणार. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज ही प्रेस्टनच्या कारखान्यातल्या बायकांची टीम खेळली तेव्हा ५३,००० लोक आत होते आणि हजारो बाहेर राहिले. पुढच्याच वर्षी ५ डिसेंबरला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, हा खेळ बायकांसाठी योग्य नाही असं म्हणत, आपल्या क्लबांच्या मैदानांवर त्यांना बंदी घातली आणि ती जवळपास ५० वर्षं टिकली. बंदी नसती तर १९३० च्या दशकातच बायकांची पगारी लीग उभी राहिली असती का? मला वाटतं हो, प्रेक्षक होतेच, आणि लिली पारसारखी खेळाडू बंदी आली तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती.

बेसबॉलमधली वर्णभेदाची रेषा, म्हणजे काळ्या खेळाडूंना मेजर लीगबाहेर ठेवणारा अलिखित नियम, याहून अवघड. त्या रेषेबाहेरच राहिलेला जॉश गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी गेला, आणि तीन महिन्यांच्या आत १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ती रेषा ओलांडून मेजर लीगमध्ये उतरला. २०२० मध्ये काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या निग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा मिळाला, २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत आले आणि .३७२ च्या करिअर बॅटिंग ॲव्हरेजने गिब्सन तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्या वर गेला. ही कल्पना नाही, ही दुरुस्ती आहे. पण १९२० मध्येच ती रेषा पुसली गेली असं लिहायला घेतलं की पुढचा प्रश्न त्या क्लबांचा येतो. ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रांच रिकीने रॉबिन्सनला घेतलं तेव्हा त्याच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या टीमला एक पैसा दिला नव्हता, आणि एकेक चांगला खेळाडू जात जात त्या लीग्ज संपल्या. उलट १९७६ मध्ये एबीए ही बास्केटबॉलची दुसरी लीग बंद पडली तेव्हा तिच्या चार टीम एनबीएमध्ये आल्या, आणि १९७९ मध्ये एबीएची तीन पॉइंटची रेषाही एनबीएने घेतली. १९२० च्या टायमलाइनमध्ये मोनार्क्स तसे अख्खे क्लब म्हणून आत येतात की फक्त त्यांचे खेळाडू, हे आधी ठरवावं लागतं, आणि पुढची पन्नास वर्षं मालक कोण, शहरं कुठली, रेडिओवर आवाज कोणाचे हे सगळं त्यावरून ठरतं.