त्सुनामीचा महासागरी प्रवास

भूकंपाने समुद्रतळ एकाएकी उचलला गेला किंवा खचला, की त्यावरचे सगळे पाणी ढकलले जाऊन त्सुनामी उठते. वाऱ्याची लाट पाण्याच्या वरच्या थरातच राहते. त्सुनामीत पृष्ठभागापासून तळापर्यंतचे पाणी हलते. तिची तरंगलांबी, म्हणजे एका लाटेच्या माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे अंतर, शेकडो किलोमीटर भरू शकते. तिच्या मानाने ४-५ किलोमीटर खोलीचा महासागरही उथळच, म्हणून तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: ४,००० मीटर खोलीवर तासाला सुमारे ७०० किलोमीटर, १० मीटरवर जेमतेम ३६. खोल समुद्रात तिची उंची बहुधा मीटरभरही नसते. ती जहाजाखालून निघून जाते आणि खलाशांना पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ मात्र पुढचे पाणी मंदावते, मागचे त्याला गाठते आणि लाट उंचावते.

२२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ क्षमतेचा भूकंप झाला. नोंदलेल्या भूकंपांत हा सर्वांत मोठा. सुमारे १५ तासांनी त्याच्या लाटा १०,००० किलोमीटरवरच्या हवाई बेटांवरील हिलो शहरात पोहोचल्या. इशाऱ्याचे भोंगे संध्याकाळीच वाजले होते, पण बरेच लोक घरीच थांबले. पहिल्या लाटा लहान होत्या. मग रात्री १ वाजून ४ मिनिटांनी मोठी लाट भिंतीसारखी आत घुसली. शहरातले एक घड्याळ त्याच वेळेवर थांबले. रस्त्याकडेचे पार्किंग मीटर वाकून जमिनीला टेकले आणि ६१ माणसे गेली. पहिली लाट ओसरली म्हणजे संकट टळले, हा समज फार घातक आहे. दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभराचे अंतर असू शकते आणि नंतरची लाट अधिक मोठी असू शकते.

लाटा पुढे जपानकडे गेल्या. पृथ्वी गोल असल्यामुळे एका ठिकाणाहून पसरलेल्या लाटा पाव परीघ ओलांडल्यावर पुन्हा एकवटू लागतात. जपान जवळपास १७,००० किलोमीटर दूर असूनही तडाखा मोठा बसला तो त्यामुळेच. ईशान्य जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर कसलाही हादरा जाणवला नव्हता, लाट येण्याआधी इशाराही मिळाला नाही. जपानमध्ये शंभराहून अधिक बळी गेले.

हिंदी महासागरात २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ उठलेल्या लाटांना तमिळनाडू गाठायला सुमारे दोन तास लागले. एवढा अवधी हाती होता, पण किनाऱ्यावरच्या गावांना सावध करणारी यंत्रणाच नव्हती. भारताचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये हैदराबादला सुरू झाले.